धागा: एका मंडळीत चार मते – लुथरन चर्च, समलिंगी सभासद आणि 'बांधील विवेक'

सरोवरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी मूळची नगरची. आमचे घर अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती असल्यामुळे नारायण वामन टिळकांची भजने पेटीवर ऐकतच मी वाढले. बावीस वर्षांपूर्वी मिनेसोटात आले तेव्हा घरापासून सर्वांत जवळचे देऊळ लुथरन, म्हणजे मार्टिन लुथर यांच्या प्रोटेस्टंट पंथाचे, निघाले, म्हणून आम्ही लुथरन झालो. त्यामागे याहून थोर धर्मशास्त्रीय कारण नव्हते. आमची मंडळी, म्हणजे त्या देवळाचा सभासदवर्ग, 'इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका' या चर्चशी संलग्न आहे. यापुढे सोयीसाठी मी त्याला ईएलसीए म्हणते.

ऑगस्ट २००९ मध्ये मिनिआपोलिस येथे भरलेल्या महासभेत या चर्चने मानवी लैंगिकतेविषयीचे एक सामाजिक निवेदन संमत केले आणि एकनिष्ठ, आजीवन व मंडळीसमोर उघडपणे स्वीकारलेल्या समलिंगी नात्यात राहणाऱ्यांना पाळकपद खुले केले. दुसऱ्या निर्णयाची बातमी जगभर गेली. निवेदनातील जो भाग मला आजही अस्वस्थ करतो, त्याची मात्र फारशी वाच्यता झाली नाही. समलिंगी नात्यांविषयी चर्चमध्ये एकमत नाही आणि प्रामाणिक श्रद्धेने माणसे चार निरनिराळ्या मतांपर्यंत पोहोचली आहेत, असे त्यात नमूद आहे. पहिल्या मतानुसार असे संबंध हे पाप असून पश्चात्ताप हाच मार्ग आहे. दुसऱ्या मतानुसार ते या भंगलेल्या जगाचे लक्षण असले तरी अशा जोडप्यांशी शेजारधर्माने वागावे, परंतु त्या नात्याला चर्चने जाहीर मान्यता देऊ नये. तिसरे मत असे की शास्त्रातील वचने आजच्या निष्ठावंत समलिंगी सहजीवनाविषयी नाहीतच, म्हणून त्याला मंडळीने आधार द्यावा, पण त्याला विवाह म्हणू नये. चौथ्या मतानुसार दोन्ही प्रकारच्या जोडप्यांना एकच माप लावावे. चारही मतांच्या लोकांनी एकमेकांच्या विवेकाचा मान राखून एकत्र राहावे, असे निवेदन सांगते. याला तिकडे 'बाउंड कॉन्शन्स' म्हणतात. मी 'बांधील विवेक' असा शब्द योजला आहे.

२०२२ च्या महासभेने या निवेदनाचा फेरविचार करण्यास मान्यता दिली. समलिंगी विवाह २०१५ पासून अमेरिकेत सर्वत्र कायदेशीर असल्यामुळे पहिल्या टप्प्यात निवेदनाची भाषा कायद्याशी जुळवून घेण्याचे काम होते आणि ते २०२५ च्या फिनिक्स येथील महासभेपुढे आले. चार मतांचे काय करायचे, हा अवघड प्रश्न पुढच्या टप्प्यासाठी ठेवला आहे. आमच्या मंडळीने चर्चेसाठी पाच जणांची समिती नेमली असून माझी त्यावर वर्णी लागली आहे. चार मतांना एकाच छपराखाली जागा ठेवणे हा समंजसपणा आहे, की निर्णय घेऊनही न घेतल्यासारखे दाखवण्याची युक्ती आहे, असा माझा प्रश्न आहे.

तिरकी_रेघ

लुथर नावाच्या एका संन्याशाने मान तुकवण्यास नकार दिल्यामुळे जो पंथ जन्मला, त्याने चारच मतांवर भागवले याचे मला आश्चर्य वाटते. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीविषयी नऊ मते आहेत आणि सभासद अकरा आहेत.

खडूफळा

चांगला विषय आहे, ताई. तथापि २००९ पासून सुरुवात केली तर ही गोष्ट अर्धीच राहते, म्हणून थोडे मागे जातो.

तीन लुथरन संस्थांच्या विलीनीकरणातून ईएलसीएचे काम १९८८ मध्ये सुरू झाले आणि हा वाद तिच्या पाळण्यातच येऊन बसला. समलिंगी व्यक्ती पाळक होऊ शकते, परंतु तिने ब्रह्मचर्य पाळावे, असा नियम करण्यात आला. जानेवारी १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील दोन मंडळ्यांनी, म्हणजे सेंट फ्रान्सिस लुथरन आणि फर्स्ट युनायटेड लुथरन यांनी, तो नियम जाणीवपूर्वक मोडला. रूथ फ्रॉस्ट आणि फिलिस झिलहार्ट हे जोडपे आणि जेफ जॉन्सन अशा तिघांना त्यांनी पाळकपदाची दीक्षा दिली. चर्चने दोन्ही मंडळ्यांना निलंबित केले आणि १९९५ च्या अखेरीस बाहेर काढले. आपल्याकडे पंक्तीतून उठवणे म्हणतात, तसाच हा प्रकार होता; फरक इतकाच की उठवण्याआधी पाच वर्षांची मुदत दिली होती.

दरम्यान १९९३ मध्ये लैंगिकतेवरील निवेदनाचा पहिला मसुदा वृत्तपत्रांत फुटला आणि एवढा गदारोळ झाला की तो बाजूला ठेवावा लागला. २००१ मध्ये नव्याने अभ्यास सुरू झाला, २००५ मध्ये ऑरलँडोच्या महासभेत बदलाचा प्रस्ताव पडला, आणि २००७ मध्ये अटलांटातील पाळक ब्रॅडली श्मेलिंग यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. आपल्या जोडीदाराविषयी त्यांनी स्वतःच बिशपांना सांगितले होते. त्या चौकशी समितीने नियमानुसार त्यांना दोषी ठरवले आणि त्याच निकालात हा नियम बदलावा असेही सुचवले. मंडळीने मात्र त्यांना व्यासपीठावरून हलू दिले नाही. २०१० मध्ये त्यांचे नाव पुन्हा पाळकांच्या यादीत आले.

म्हणून माझे मत असे की 'बांधील विवेक' हे तत्त्व कोणी ग्रंथालयात बसून शोधले नाही. शिक्षा करणाऱ्यांनाच शिक्षा जड होऊ लागली, तेव्हा त्या अवस्थेला एक प्रतिष्ठित नाव मिळाले.

हिशेबनीस

खडूफळा यांनी इतिहास दिला, मी आकडे देतो. सामाजिक निवेदन संमत होण्यासाठी दोन-तृतीयांश मते आवश्यक होती. बाजूने ६७६ आणि विरोधात ३३८ मते पडली. एकूण १,०१४, त्याचे दोन-तृतीयांश नेमके ६७६ होतात. बाजूचे एक मत विरोधात गेले असते, तर निवेदन पडले असते.

पाळकपदाच्या धोरणाला साधे बहुमत पुरेसे होते. तो ठराव ५५९ विरुद्ध ४५१ असा संमत झाला. परंतु परस्परांच्या बांधील विवेकाचा आदर करण्याच्या ठरावाला ७७१ विरुद्ध २३० अशी मते मिळाली. म्हणजे ज्यांना समलिंगी पाळक नको होते, त्यांतील पुष्कळांनाही हा ठराव हवा होता. चौथ्या मताच्या लोकांना तो तडजोड वाटला असेल, पहिल्या मताच्या लोकांना ते अंगावरचे चिलखत वाटले असेल. एकच वाक्य दोन्ही बाजूंना उपयोगी पडले, म्हणून ते टिकले.

कोकणकडा

त्याच दिवशी वादळ झाले होते ना? कुठेतरी वाचल्याचे आठवते.

हिशेबनीस

होय. १९ ऑगस्टला निवेदनावर मतदान होणार होते, त्याच दुपारी मिनिआपोलिसच्या मध्यभागातून टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखे फिरते वादळ, गेले. सभागृहासमोरच्या सेंट्रल लुथरन चर्चच्या मनोऱ्यावरील क्रूस मोडून लोंबकळत राहिला. त्याच शहरातील एका नामवंत बाप्टिस्ट उपदेशकाने हा ईश्वराने दिलेला इशारा असल्याचे लगेच लिहिले. इतरांनी असे निदर्शनास आणले की वादळ गेल्यावर मतदान झाले आणि नेमकी हवी तेवढीच मते पडली, तेव्हा इशारा कोणत्या बाजूला होता हे कसे ठरवायचे?

जुनीवही

मी एका पाळकाचा मुलगा आहे आणि मराठवाड्यातील एका मंडळीत वडीलमंडळाचा सदस्य म्हणून अठरा वर्षे काम केले आहे. आमची मंडळी लुथरन नाही; तरीही पवित्र शास्त्र एकच असल्यामुळे लिहीत आहे. माझे मत येथे फारसे कोणाला रुचणार नाही याची कल्पना आहे.

वर्म्स या जर्मन शहरातील सभेत १५२१ मध्ये लुथर यांनी आपला विवेक बांधलेला आहे असे सांगितले, परंतु तो कशाने बांधलेला आहे हेही सांगितले: देवाच्या वचनाने. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल समलिंगी संबंधांविषयी काय म्हणतो हे वाचणाऱ्या कोणालाही कळते. वचन बाजूला ठेवून उरलेल्या विवेकालाही 'बांधील' म्हणायचे असेल, तर मग सुटलेला विवेक कशाला म्हणावे? एकाच देवळात सकाळी आठच्या उपासनेत एक गोष्ट पाप आणि साडेदहाच्या उपासनेत तीच आशीर्वाद, असे असेल तर नव्याने विश्वासात आलेल्या माणसाने काय शिकावे? मी कोणाचाही द्वेष करत नाही आणि कोणालाही दारातून परत पाठवू नये या मताचा आहे. परंतु स्वागत आणि दीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरोवरकाठ ताईंच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की चार मते ठेवणे ही युक्तीच आहे. चर्चने एकच मत सांगावे. ते माझ्या विरोधात गेले तरी निदान मी कुठे उभा आहे हे मला समजेल.

पाऊलवाट

जुनीवही काकांच्या शेवटच्या दोन वाक्यांशी मी पूर्णपणे सहमत आहे, हे वाचून त्यांनाच नवल वाटेल.

मी समलिंगी आहे, ख्रिस्ती आहे, पुण्यात वाढलो आणि गेली अकरा वर्षे शिकागोत राहतो. येथे एका ईएलसीए मंडळीत मी आणि माझा जोडीदार दोघेही जातो. चार मतांची ती योजना वर बसून पाहणाऱ्याला उदार दिसते. माझ्या बाकावरून ती निराळी दिसते. उपासनेच्या मध्यावर सर्वजण एकमेकांना शांतीचे अभिवादन करतात, हात हातात घेतात. समोरचा माणूस कोणत्या क्रमांकाच्या मताचा आहे, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात येतो. मला तो येऊ द्यायचा नसतो, पण येतो. बाकीच्यांच्या विवाहाविषयी त्या निवेदनात चार मते नाहीत. माझ्याच घराविषयी आहेत.

आणि एक व्यावहारिक बाब. २००९ च्या धोरणानुसार कोणत्याही मंडळीवर समलिंगी पाळक बोलावण्याची सक्ती नाही. ते प्रत्येक मंडळीने ठरवायचे असते. त्यामुळे चर्चचे दार उघडले, पण कोणत्या खोलीत प्रवेश आहे याची पाटी लागली नाही. माझ्या ओळखीच्या एका उमेदवाराने पाळक निवडणाऱ्या एका समितीसमोर दोन मुलाखती दिल्या, नमुन्याचे प्रवचनही केले, आणि तिसऱ्या भेटीत जोडीदाराचा उल्लेख होताच सर्वांचे लक्ष एकाएकी कॉफीच्या कपांकडे गेले. कोणी अपशब्द काढला नाही. पत्रात केवळ 'मंडळीची सध्या तयारी नाही' असे होते.

तिरकी_रेघ

मी कोणत्याच देवळात जात नाही, त्यामुळे माझे ज्ञान केवळ वाचीव आहे. तरीही जुनीवही साहेबांना विचारतो: पहिला अध्याय आपण सांगितला, पण त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल केवळ भाजीपाला खाणाऱ्यांनी आणि सर्व काही खाणाऱ्यांनी एकमेकांना तुच्छ लेखू नये असे सांगतो ना? माझ्या मते पत्ता बदलला तर तो अध्याय श्रावणातल्या मराठी घराला जसाच्या तसा लागू पडेल. सासूबाई चौदाव्या अध्यायावर आणि जावई सुरमईवर, तरी पंगत एकच.

जुनीवही

तिरकी_रेघ, आपण शास्त्र वाचता याचा आनंद आहे. सुरमईचा दृष्टान्तही आवडला. परंतु पौल तेथे खाण्यापिण्याविषयी आणि सणवारांविषयी बोलतो. ज्या गोष्टींवर तारण, म्हणजे पापातून मुक्ती, अवलंबून नाही, त्यांत सवलत असते. ही गोष्ट त्या वर्गात बसते की नाही, हाच तर वाद आहे.

खडूफळा

जुनीवही यांनी वादाचा गाभा नेमका पकडला. त्या निवेदनामागचा लुथरन युक्तिवादही येथूनच निघतो. लुथर यांनी विवाहाला संस्कारांच्या यादीतून काढून ऐहिक व्यवहारात टाकले होते. विवाह मोलाचा आहे, देवाने नेमलेला आहे, पण तारण त्याच्यातून मिळत नाही. ते केवळ कृपेने आणि विश्वासाने मिळते. मग विवाहाविषयीच्या मतभेदावरून प्रभुभोजनाच्या मेजाची फाळणी करता येत नाही, असे निवेदनाचे म्हणणे आहे. हा युक्तिवाद पटो वा न पटो, तो कोठून तरी उसना आणलेला नाही, घरचाच आहे.

स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास अमेरिकेतील दोन मोठ्या लुथरन संस्थांनी १९७० मध्ये सुरुवात केली, तेव्हाही पौलाचीच वचने दोन्ही बाजूंनी वापरली गेली होती. मिझूरी सिनड या सनातनी अमेरिकन लुथरन संस्थेने ते तेव्हाही मानले नाही आणि आजही मानत नाही. समलिंगी पाळकही तिला मान्य नाहीत. तिची भूमिका मला पटत नाही, परंतु दोन्ही ठिकाणी तिने एकच माप लावले आहे. ईएलसीएतील ज्यांनी स्त्री-पाळक सहज स्वीकारले आणि येथे मात्र अक्षराचा आग्रह धरला, त्यांची अडचण अधिक आहे.

उत्तरवारा

मी ऑस्लोत राहते. स्कँडिनेव्हियातील चर्चनी हाच प्रश्न कसा हाताळला ते सांगते.

स्वीडनमध्ये १ मे २००९ पासून विवाहाचा कायदा लिंगनिरपेक्ष झाला आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला स्वीडिश चर्चच्या सभेने २४९ पैकी १७६ मतांनी समलिंगी जोडप्यांचे विवाह लावण्यास मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात एव्हा ब्रुन्ने स्टॉकहोमच्या बिशप झाल्या; त्यांचे सहजीवन एका महिला पाळकासोबत होते. तेथे एखाद्या पाळकाला असा विवाह लावायचा नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही, पण त्या मंडळीने दुसरा पाळक उपलब्ध करून द्यावा लागतो. पाळकाच्या विवेकाला सूट आहे, मंडळीच्या जबाबदारीला नाही. पाऊलवाट यांनी जी पाटी नसल्याची तक्रार केली आहे, ती स्वीडनमध्ये निदान काही अंशी लागली आहे.

नॉर्वेच्या चर्चने २०१६ मध्ये ११५ पैकी ८८ मतांनी निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये नवा विवाहविधी आला. विवाहाविषयीची दोन्ही मते चर्चमध्ये शेजारी शेजारी राहतील, असेच येथेही ठरले. म्हणजे अमेरिकेत चार, नॉर्वेत दोन. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्वेचे प्रमुख बिशप ऊलाव फीक्से त्वेइत यांनी समलिंगी व इतर अल्पसंख्य लैंगिकतेच्या लोकांना चर्चने दिलेल्या वेदनेबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती कॅथेड्रलमध्ये मागितली नाही. लंडन पब या ऑस्लोतील समलिंगी लोकांच्या बारमध्ये मागितली. २०२२ मध्ये ज्या ठिकाणी गोळीबार झाला, त्यांपैकी ते एक. मी त्या रस्त्यावरून कामाला जाते. गोळीबारानंतर तेथे फुलांचा आणि सप्तरंगी झेंड्यांचा ढीग इतका वाढला होता की ट्राममधून उतरणाऱ्यांना बाजूने वळसा घ्यावा लागत असे.

कोकणकडा

बिशप बारमध्ये क्षमा मागायला जातो, हे आमच्या आजीला सांगितले असते तर तिने आधी 'तिथे काय घेतलेन त्याने' असे विचारले असते.

सावजीरस्सा

इतका वेळ वाचत होतो. आमचे मूळ घर सौंसरचे, म्हणजे २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या मराठी पट्ट्यातले. छिंदवाड्याला स्वीडिश मिशनने एकोणिसाव्या शतकात काम सुरू केले आणि त्यातून मध्य प्रदेशातील लुथरन मंडळी उभी राहिली. माझे आजोबा मिशनच्या शाळेत गणित शिकवत. घरी स्वीडनहून आलेली नाताळची कार्डे एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली होती.

हा वाद अमेरिका आणि युरोप यांच्यापुरता नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. इथिओपियातील मेकाने येसुस ही लुथरन मंडळी आज जगातील सर्वांत मोठ्या लुथरन मंडळ्यांपैकी एक आहे. तिने याच प्रश्नावरून २०१३ मध्ये स्वीडिश चर्च आणि ईएलसीए या दोघांशी असलेले नाते तोडले. ज्या देशाच्या मिशनऱ्यांनी तिला वाढवले, त्याच देशाच्या चर्चशी एका मेजावर प्रभुभोजन घेण्यास तिने नकार दिला. याला निव्वळ मागासलेपण म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. 'शास्त्रात लिहिले आहे ते पाळा' असे शंभर वर्षे शिकवणाऱ्यांनी एके दिवशी 'तो अर्थ आता बदलला' असे सांगितले, तर शिकणाऱ्याला फसवणूक वाटणारच. त्याच वेळी हेही खरे की इथिओपियातील समलिंगी ख्रिस्ती माणसाला या पत्रव्यवहारात कोणीच काही विचारले नाही.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधील प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. त्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळीत त्याचा उल्लेख होईल असे मला वाटले होते. पाळकांनी पावसासाठी, आजाऱ्यांसाठी आणि शाळेच्या नव्या छतासाठी प्रार्थना केली. अमेरिकेत चार मते आहेत, आमच्याकडे एकही उच्चारलेले नाही.

पाऊलवाट

सावजीरस्सा, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. आमच्या पुण्याच्या मंडळीतही असेच होते. त्या न उच्चारलेल्या मताबरोबर मी एकोणीस वर्षे राहिलो आहे, आणि तुलनाच करायची तर चार छापील मते मला परवडतात. छापलेल्या गोष्टीशी वाद तरी घालता येतो.

जुनीवही

पाऊलवाट, आपण मला काका म्हणालात, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहितो. आमच्याकडेही एक तरुण होता. उत्तम पेटी वाजवत असे. वडीलमंडळात त्याच्याविषयी कुजबूज झाली आणि कोणताही ठराव न होता त्याला पेटीवर बसवणे बंद झाले. त्या बैठकीत मी होतो आणि गप्प होतो. तो पुढे मुंबईला गेला. माझे शास्त्राविषयीचे मत बदललेले नाही. परंतु त्याला समोर बसवून, कारण सांगून, त्याचे ऐकून घेऊन जे करता आले असते, ते आम्ही केले नाही. चर्चने एकच मत स्पष्ट सांगावे असे मी वर लिहिले, तेव्हा मला हेही आठवत होते.

हिशेबनीस

कोणी विचारण्याआधी फुटीचा हिशेबही देतो. २००९ नंतर सहाशेहून अधिक मंडळ्या ईएलसीएतून बाहेर पडल्या. ऑगस्ट २०१० मध्ये 'नॉर्थ अमेरिकन लुथरन चर्च' ही नवी संस्था स्थापन झाली. सभासदसंख्या तेव्हाच्या सुमारे ४५ लाखांवरून आता तीस लाखांच्याही खाली आली आहे. परंतु ही सर्व घट या एका निर्णयाच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. समलिंगी पाळकांना ठाम विरोध करणारी मिझूरी सिनडही याच काळात आकसली आहे. ग्रामीण भाग रिकामे होत आहेत आणि नव्या पिढीतील पुष्कळ लोक देवळात येतच नाहीत.

सरोवरकाठ ताई, तुमच्या मंडळीत २०१० च्या सुमारास काय झाले, हे तुम्ही अद्याप सांगितलेले नाही.

सरोवरकाठ

टाळत होते. सांगते.

ईएलसीएतून बाहेर पडायचे असेल तर मंडळीला दोनदा मतदान करावे लागते. दोन्ही वेळा हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश मते हवीत आणि मधल्या किमान नव्वद दिवसांत बिशपांशी बोलणी व्हावीत, असा नियम आहे. आमच्याकडे पहिले मतदान २०१० च्या फेब्रुवारीत, उपासनेनंतर तळघरातल्या सभागृहात झाले. बाहेर गुडघाभर बर्फ होते, खाली कॉफीचे मोठे पिंप उकळत होते आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी बटाट्यांची भाजलेली खीर म्हणावी असा तो पदार्थ आणला होता. त्या दिवशी तो तसाच राहिला. आमच्या गायनवृंदात दोन स्त्रिया होत्या, पंधरा वर्षे एकत्र राहणाऱ्या. त्या पुढच्या रांगेत बसल्या. इतरांसारखीच त्यांच्याही हाती मतपत्रिका देण्यात आली. दोघींपैकी एकीकडे लिहायला काही नव्हते. तिने मागे वळून माझ्याकडे पेन्सिल मागितली. ती नीट टोकही न केलेली पेन्सिल होती, एवढे मला आठवते. चर्च सोडावे का, या प्रश्नाचा खरा अर्थ त्या दोघींनी या घरात बसावे का असा होता, आणि त्यांनीच त्यावर खूण करून मतपत्रिका दानाच्या ताटात टाकली.

हजर २१४. सोडण्याच्या बाजूने १४२. ठराव पडला.

ज्यांचा ठराव पडला त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे पुढच्या वर्षभरात दुसरीकडे गेले. त्यांत एक वृद्ध शेतकरी होते. मला बर्फात गाडी चालवायला त्यांनी शिकवले होते. गाडी घसरली तर ब्रेक दाबू नको, मागची चाके जिकडे घसरतात तिकडेच स्टिअरिंग वळव, असे सांगत. ते आजही दर डिसेंबरमध्ये आमच्या ल्युटेफिस्क या माशाच्या पदार्थाच्या जेवणावळीला येतात, बाह्या वर करून तीन तास भांडी घासतात आणि वर देवळात न जाता मागच्या दाराने घरी जातात. त्या दोघी आजही वृंदात गातात. भांडी पुसायला दोघींपैकीच एक त्या शेतकऱ्यांच्या शेजारी उभी असते. दोघांमध्ये फडक्यांखेरीज कशाचीही देवाणघेवाण होताना मी पाहिलेली नाही. या दृश्याला बांधील विवेक म्हणायचे की नुसता सवयीचा शेजार, हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा धागा.

हिशेबनीस

ताई, २१४ चे दोन-तृतीयांश म्हणजे १४३. एकच मत कमी पडले. आणि त्या दोघींपैकी एक जरी त्या दिवशी घरी राहिली असती, तर हजर २१३ झाले असते आणि १४२ हे नेमके दोन-तृतीयांश ठरले असते.

सरोवरकाठ

हा हिशेब पंधरा वर्षांत मी कधी केला नव्हता. पेन्सिल माझी होती.

तिरकी_रेघ

या धाग्यावर मी आणखी विनोद करणार नाही.

उत्तरवारा

मूळ प्रश्नाकडे परत येते. मत आणि व्यवस्था या दोन गोष्टी आपण वेगळ्या कराव्यात असे मला वाटते. मनात कोणते मत धरावे यासाठी चार जागा असू द्याव्यात. ते शेतकरी काका पहिल्या मताचे असले तरी त्यांची जागा गेली नाही पाहिजे. परंतु विवाह लावून देणार का, पाळक म्हणून अर्ज घेणार का, मुलाच्या बाप्तिस्म्याला दोन आया पुढे येऊ शकतात का, यांची उत्तरे त्या देवळाच्या दारावर असली पाहिजेत. माणसाने आत येऊन, वर्षभर गाऊन, मग ते शोधून काढायचे नसते.

पाऊलवाट

याची सोय आहे. 'रिकन्साइल्ड इन ख्राइस्ट' या नावाने एक नोंदणी १९८० च्या दशकापासून चालत आली आहे. तिच्यात नाव घालणारी मंडळी आपले स्वागत जाहीरपणे लिहून देते. मी शिकागोत आलो तेव्हा प्रथम त्या यादीतूनच देऊळ शोधले. मंडळीने त्यावर मतदान करावे लागते, म्हणजे पुन्हा तळघर आणि पुन्हा कॉफी. पण या वेळी प्रश्न सरळ विचारलेला असेल.

जुनीवही

यास माझा विरोध नाही. मी त्या देवळात गेलो तर दारावर वाचून मागच्या बाकावर बसेन, किंवा पुढच्या देवळात जाईन. दोन्हींचे मला स्वातंत्र्य राहील.

सरोवरकाठ

सर्वांची आभारी आहे. समितीची बैठक बुधवारी आहे. चार चौकटींपैकी एकीवर खूण करण्याऐवजी मी उत्तरवारा यांचे तीन प्रश्न कागदावर लिहून नेणार आहे आणि त्या नोंदणीचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्यावा असे सुचवणार आहे. बैठकीपूर्वी त्या दोघींना आणि शेतकरी काकांना, वेगवेगळे, दूरध्वनी करणार आहे. काका दुपारी झोपतात, तेव्हा त्यांना सकाळीच करावा लागेल.